रोजनिशी खासगी कशी ठेवायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोजनिशी लिहू पाहणाऱ्यांचे छोटे वर्ग मी घेते. काय लिहू, किती लिहू हे प्रश्न पहिल्या दोन दिवसांत संपतात. मग वर्षभर एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येत राहतो: कोणी वाचलं तर? वर्गात हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. तो जिन्यात विचारला जातो, रात्री उशिरा मेसेजवर विचारला जातो, एकदा तर एका लग्नात पंगतीत शेजारी बसलेल्या बाईंनी विचारला. असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवले आहेत आणि ओळख पटेल असा तपशील काढला आहे.

१. माझ्या डायरीत लपवण्यासारखं काहीच नाही. मग ती खासगी ठेवायची कशाला?

एक प्रयोग करून बघा. आज रात्री एक पान लिहा, आणि लिहिताना समजा की उद्या सकाळी ते तुमची मोठी जाऊ वाचणार आहे. मग दुसरं पान लिहा, कोणीच वाचणार नाही असं धरून. दोन्ही शेजारी ठेवा. पहिल्या पानावर अक्षरही नीट येतं आणि माणसंही नीट वागतात.

मी पंधरा वर्षांची असताना माझी वही घरात वाचली गेली (ते कसं कळलं, ते प्रश्न ५ मध्ये आहे). त्यानंतर दोन वर्षं मी वही लिहीत होते, पण वाचणाऱ्यांसाठी. त्या वह्या आजही माझ्याकडे आहेत. "आज बीजगणिताची दोन प्रकरणं झाली. आजीचे पाय चेपून दिले." त्याच वर्षी मी गणितात नापास झाले होते आणि माझी जवळची मैत्रीण गाव सोडून गेली होती. दोन्हीबद्दल एक ओळ नाही. ती दोन वर्षं मला आठवणीतून परत आणता येत नाहीत, आणि वहीत तर ती नाहीतच.

२. डायरी, रोजनिशी, दैनंदिनी, वासरी. यात काही फरक आहे का?

नावात नाही. वहीत काय जातं, यात आहे. दूधवाल्याचे खाडे, सिलिंडर कधी लावला, कोणाला किती उसने दिले, ही नोंद घरातल्या कोणालाही उघडावी लागते. मनातलं त्याच वहीत लिहिलंत तर ते वाचलं जाणारच, आणि वाचणाऱ्याला दोषही देता येणार नाही. दोन वह्या करा.

नव्या वर्षाला बँकेकडून किंवा विमा एजंटाकडून मिळालेली डायरी मनातलं लिहायला वापरू नका. अशा डायरीला घरात कोणी खासगी मानत नाही. फोन नंबर शोधायला, रांगोळीचा नमुना काढायला, पोराला रेघोट्या मारायला तीच पुढे येते.

३. सुरुवात कुठून करू? कुलूपवाली डायरी घेऊ का?

आधी एका कागदावर लिहून काढा की नक्की कोणापासून जपायचं आहे. आठ वर्षांचा मुलगा, सासूबाई, रूममेट, नवरा, चोर, उद्या कधी कोर्ट. हे सगळे वेगवेगळे आहेत आणि एकाला चालणारा उपाय दुसऱ्याला चालत नाही. बहुतेकांच्या कागदावर शेवटी एक-दोनच नावं उरतात. ती माणसं चोर नसतात. ती तुमच्यावर प्रेम करणारी, तुमची काळजी वाटणारी आणि घरात दहा मिनिटं एकटी असणारी माणसं असतात. त्या दहा मिनिटांत वही सापडू नये, सापडलीच तर उघडावीशी वाटू नये, उघडलीच तर पटकन काही हाती लागू नये. बाकी सगळं याच हिशोबाने ठरतं.

स्टेशनरीच्या दुकानातल्या डायरीचं ते पितळी रंगाचं कुलूप केसांच्या पिनेने उघडतं. शिवाय आत काहीतरी आहे, हे ते ओरडून सांगतं. मी घ्यायला सांगत नाही.

४. एका खोलीत आम्ही सहा जण राहतो. वही लपवायची कुठे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. म्हणून आधी लोकांना पहिल्यांदा सुचतात त्या जागा घेते.

गादीखाली नको. चादर बदलताना आणि गादीला ऊन दाखवताना ती निघते. साड्यांच्या घडीत नको, कारण लग्नसराईत तुमच्या साड्यांना चार वाटेकरी असतात. तांदळाच्या डब्यात नको. तिथे पोरकिडे असतात, आणि डबा भरणारा हात तुमचाच असेल असं नाही. देवघरात पोथ्यांखाली ठेवणारे बरेच भेटले. श्रावणात पोथ्या निघतात. माळ्यावर ठेवली तर दसरा-दिवाळीच्या साफसफाईपर्यंत ती सुरक्षित असते. त्या दिवशी मात्र घरातली एकूण एक वस्तू खाली येते आणि प्रत्येकाला काहीतरी चाळत बसायला मिळतं. शिवाय माळ्यावर कसर आणि वाळवी लागते.

चांगली जागा म्हणजे जिथे दुसऱ्या कोणालाही स्वतःच्या कामासाठी हात घालावा लागत नाही. शिलाई मशीन तुम्हीच चालवत असाल तर त्याचा खण. स्पर्धा परीक्षेची जाडजूड पुस्तकं तुमची एकट्याची असतील तर त्यांच्या मधोमध, त्याच खाकी कव्हरमध्ये, वर "चालू घडामोडी, जुन्या" असं लिहून. माझ्या ओळखीतल्या एका बाईंची वही नऊ वर्षं टॅक्सच्या जुन्या फायलींत राहिली, कारण त्या घरात टॅक्सचं काम त्याच बघायच्या आणि बाकीच्यांना त्या फायलींचा कंटाळा होता.

जागाच नसेल तर वहीचा आकार कमी करा. सुटे कागद वापरा, घरात फक्त चालू आठवड्याची पानं ठेवा, भरलेली पानं पाकिटात घालून ऑफिसच्या कुलपाच्या खणात किंवा भरवशाच्या मैत्रिणीकडे ठेवा. मैत्रीण निवडताना ती तुम्हाला किती आवडते ते पाहू नका. तिच्या घरी वही कोणाच्या हाती लागेल, ते पाहा.

घरात लिहायला जागा नसेल तर बाहेर लिहा. सार्वजनिक वाचनालयाचा अभ्यासिकेचा कोपरा यासाठी उत्तम. लोकलमध्ये लिहिणाऱ्या पुष्कळ जणी आहेत, पण खिडकीची जागा मिळाली तरच लिहा. मधल्या सीटवर दोन्ही बाजूंनी वाचलं जातं.

५. घरात कोणी वाचतंय असं वाटतं. खात्री कशी करू?

माझ्या वहीच्या पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर एक पिवळा डाग होता. पान उलटताना अंगठा टेकतो, बरोबर तिथे. अर्धवर्तुळ, आत अंगठ्याच्या बारीक रेषा. हळद होती. आमच्या घरी दुपारी दोन वाजता हाताला हळद असणारं एकच माणूस होतं. त्याच्या पुढच्या तीन पानांवरही डाग होते, प्रत्येक पानावर आधीपेक्षा फिकट. म्हणजे आईने थांबून थांबून चार पानं वाचली होती. ती चार पानं तिच्याबद्दलच होती.

असा पुरावा सहज मिळाला नाही तर लोक पानात केस ठेवतात, बुकमार्कची दोरी ठरावीक वळणाने ठेवतात, वहीखाली काडेपेटीची काडी ठेवतात. या युक्त्या चालतात. एक-दोनदा करून खात्री करा आणि थांबा. रोज करू लागलात की तुम्ही स्वतःच्या घरात पहारेकरी होता, आणि मग वहीत लिहायला उरतो तो फक्त पहारा.

६. वाचल्याचं कळलं. आता काय बोलू?

दोन दिवसांत बोला. सगळ्यांसमोर नको, जेवताना नको, फोनवर नको. पहिलं वाक्य ठरवून जा. मी सुचवते ते असं: "तू माझी वही वाचलीस. आत काय आहे, त्यावर नंतर बोलू. आज मला वाचण्याबद्दल बोलायचं आहे." समोरून बहुधा लगेच येईल, "अगं, पण तू माझ्याबद्दल असं लिहिलंसच कसं?" तिथे अडकू नका. लिहिलेलं आणि वाचलेलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तीनदा म्हणावं लागलं तरी म्हणा.

सासूबाईंनी वाचली असेल तर मी आधी नवऱ्याला सांगायला सांगते, पण त्याला तुमच्या वतीने भांडायला पाठवू नका. तो पानांतला मजकूर विचारेल. तो सांगायलाच हवा असं नाही.

त्या रात्री वही जाळू नका. मला भेटलेल्या कितीतरी जणांनी ती जाळली आणि आज सगळ्यांना तिची हळहळ आहे. महिनाभर बाहेर कुठेतरी ठेवून द्या, मग ठरवा.

माझ्या आईशी मी हे बोलले ते सत्ताविसाव्या वर्षी, बारा वर्षं उशिरा. ती म्हणाली, "तू बोलायची बंद झाली होतीस, म्हणून बघितलं." मी बोलायची बंद झाले ते त्या आधी की नंतर, यावर आमचं आजही एकमत नाही.

७. मोडी लिपीत लिहिलं तर?

हा विचार मराठी माणसाला कधी ना कधी सुचतोच, आणि तो अगदी वाया जात नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेत शिकवली जायची. आज घरातलं खूप वयस्कर माणूस सोडलं तर ती वाचणारं सहसा कोणी नसतं. दोन-तीन महिन्यांच्या सरावात हात बसतो. दहा मिनिटांच्या वाचकासाठी (प्रश्न ३) मोडीचं पान म्हणजे भिंत आहे.

पण ते कुलूप नव्हे. मोडीचे वर्ग गावोगाव चालतात, २०१४ पासून ती युनिकोडमध्येही आहे. पानाचा फोटो काढून वाचून घेणं अशक्य राहिलेलं नाही. लिपी कितीही गुप्त असली तरी ती कायम गुप्त राहत नाही, याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण महानुभावांचं. पंथाबाहेरच्यांना ग्रंथ वाचता येऊ नयेत म्हणून त्यांनी सकळ, सुंदरी अशा लिप्या वापरल्या. सकळ लिपीत अक्षरांच्या जागी दुसरी चिन्हं ठरवलेली होती. कित्येक शतकं ते टिकलं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाहेरच्या अभ्यासकांना ती लिपी वाचता येऊ लागली. म्हणून तर मराठीचं सुरुवातीचं गद्य आज आपल्यासमोर आहे.

इंग्लंडमधल्या सॅम्युअल पीप्सने १६६० ते १६६९ या काळातली आपली रोजनिशी लघुलिपीत लिहिली. दीडशे वर्षांनी एका तरुणाने तीन वर्षं खपून ती उलगडली. त्या लघुलिपीचं पुस्तक पीप्सच्याच ग्रंथसंग्रहात होतं, हे त्याला माहीतच नव्हतं. तुम्ही स्वतःची सांकेतिक अक्षरं तयार करणार असाल तर त्यांचा तक्ता वहीच्या मागच्या पानावर ठेवू नका. असे तक्ते मी पाहिले आहेत.

शाळेतली "च"ची भाषा लिहिण्यात काही कामाची नाही. ती ऐकताना गोंधळ होतो, कागदावर कोणीही सोडवतं.

८. फोनमध्ये लिहिलं तर वहीपेक्षा सुरक्षित ना? फोनला लॉक आहे.

लॉक आहे, पण तुमच्या घरात तो किती जणांना माहीत आहे ते मोजा. मुलाला गेम खेळायला, आईला व्हिडिओ कॉल लावायला, नवऱ्याला ओटीपी बघायला आपण स्वतःच फोन उघडून हातात देतो. झोपलेल्या माणसाचं बोट सेन्सरवर टेकवता येतं, हेही लोकांनी मला सांगितलं आहे, अनुभवातून.

म्हणून डायरीच्या ॲपला वेगळं कुलूप हवं आणि त्याचा पिन फोनच्या पिनापेक्षा वेगळा हवा. तिथे बोटाचा ठसा बंद ठेवा. "आज लिहिलं नाहीस" अशी आठवण स्क्रीनवर येते ती बंद करा. कीबोर्ड तुमचे शब्द शिकतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. तुम्ही रोज रात्री एखाद्याचं नाव आणि त्यापुढे "खोटं बोलतो" लिहीत असाल, तर तुमच्या फोनवरून घरच्या ग्रुपवर तेच नाव टाइप करणाऱ्या तुमच्या भावालाही तो कीबोर्ड पुढचे शब्द सुचवेल. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ही शिकवण पुसता येते, काहींत बंदही करता येते.

मग अकाउंट. कित्येक घरांत एकच गूगल अकाउंट वडिलांच्या फोनवर, जुन्या टॅबवर आणि टीव्हीवर चालू असतं. तुम्ही नोंद इकडे लिहिता आणि ती तिकडे उमटते. डायरीसाठी स्वतःचं, नवं, फक्त तुमच्या फोनवरचं अकाउंट करा. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज करून डायरी लिहिणाऱ्यांनी "लिंक्ड डिव्हाइसेस" उघडून बघावं. ऑफिसच्या किंवा घरच्या कंप्युटरवर वेब व्हॉट्सॲप उघडं राहिलेलं असतं.

ॲप निवडताना एकच प्रश्न विचारा: किल्ली कोणाकडे आहे? साध्या नोट्सच्या ॲपमध्ये मजकूर कंपनीकडे कुलूपबंद असतो खरा, पण त्या कुलपाची किल्लीही कंपनीकडेच असते. "एंड-टू-एंड एन्क्रिप्शन" असेल तर किल्ली फक्त तुमच्याकडे असते. याची किंमत अशी की पासवर्ड विसरलात तर कंपनीही काही करू शकत नाही. तो पासवर्ड कागदावर लिहा, पाकिटात घाला, आणि वही लपवावी तसं ते पाकीट लपवा (प्रश्न ४).

फोन दुरुस्तीला देताना डायरीचं ॲप काढून टाका, बॅकअप झालाय याची खात्री करून. काही नव्या फोनमध्ये दुरुस्तीसाठी वेगळा मोड असतो. तो असेल तर वापरा.

९. वहीच्या पानांचे फोटो काढून वही नष्ट केली तर?

फोटो गॅलरीत जातात, तिथून बॅकअपला, तिथून घरच्या टीव्हीवर सरकणाऱ्या फोटोंमध्ये. शिवाय आता फोटोतला मजकूरही शोधता येतो. काढायचेच असतील तर फोनच्या कुलूपबंद फोल्डरमध्ये काढा, नाहीतर नको.

१०. ऑफिसच्या लॅपटॉपवर दुपारच्या सुट्टीत लिहिते. चालेल?

नाही. तो लॅपटॉप कंपनीचा आहे, त्यातला मजकूर पाहण्याची सोय बहुतेक कंपन्या ठेवतात, आणि नोकरी सोडता त्या दिवशी तो परत जातो. कागदावर लिहा.

११. नवरा म्हणतो, नवरा-बायकोत कसली लपवाछपवी? दाखव वही. काय उत्तर देऊ?

हा प्रश्न बायकोबद्दल विचारणारे पुरुषही आहेत, उत्तर तेच. लग्नात अनेक गोष्टी सामाईक होतात, पण विचार करण्याची जागा सामाईक होत नाही. रागाच्या भरात जे तोंडून निघालं असतं ते वहीत निघतं आणि सकाळी बोलण्यालायक तेवढंच उरतं. तो कच्चा मजकूर वाचणं म्हणजे शिजायच्या आत पातेल्यातलं चाखून "कच्चं आहे" म्हणणं.

वही दाखवू नका, पण दार पूर्ण बंदही करू नका. "यातलं तुझ्याशी बोलण्यासारखं असेल ते मी बोलेन" असं सांगा, आणि खरंच बोला. आठवड्यातून एकदा वहीतली एक गोष्ट आपण होऊन बोलली गेली की वहीची भीती कमी होते, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. वही हिसकावली जात असेल, वाचून धमकावलं जात असेल, तर प्रश्न वहीचा राहिलेला नाही. प्रश्न १३ पाहा.

१२. घटस्फोटाच्या खटल्यात माझी डायरी माझ्याविरुद्ध वापरता येते का? गुपचूप वाचणं बेकायदा नाही का?

वापरता येऊ शकते, हे धरून चला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल एकमताने दिला. त्यावरून पुष्कळांना वाटतं की चोरून मिळवलेली डायरी कोर्टात चालणारच नाही. तसं नाही. कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ च्या कलम १४ नुसार, वाद सोडवायला मदत होईल असं वाटलं तर न्यायालय एरवी पुराव्यात न बसणारा कागदही विचारात घेऊ शकतं. आणि १४ जुलै २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पती-पत्नीतलं गुपचूप रेकॉर्ड केलेलं संभाषणही वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून घेता येईल असं म्हटलं. कागद घेतला म्हणजे त्यातलं सगळं खरं मानलं, असा अर्थ होत नाही. उलटतपासणी असते, संदर्भ असतो.

डिजिटल डायरीबाबत, दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

एक गोष्ट ठामपणे सांगते. वाद कोर्टात गेल्यावर किंवा जाणार हे दिसू लागल्यावर डायरी फाडू किंवा जाळू नका. पुरावा होऊ शकणारा कागद नष्ट करणं हाच वेगळा गुन्हा ठरू शकतो. आधी वकिलाला वहीबद्दल सांगा.

१३. घरात मारहाण होते. नोंद ठेवायची आहे, पण सापडली तर आणखी मार बसेल.

इथे वरचे पुष्कळ नियम उलटे होतात. ही नोंद सुंदर लिहायची नाही, मोकळं होण्यासाठीही लिहायची नाही. तारीख, वेळ, काय झालं, कुठे लागलं, कोणी पाहिलं, कोणत्या दवाखान्यात गेलात. शक्य तितक्या लवकर लिहा आणि ती घरात ठेवू नका. भरवशाच्या माणसाकडे त्याच दिवशी पोचवा, दवाखान्याच्या कागदांसकट. मारणाऱ्या माणसाच्या हाती पडू शकेल अशा फोनवर काहीच नको. मनातलं लिहायची वही वेगळी असू द्या, आणि या काळात ती लिहिली नाही तरी चालेल.

महिला हेल्पलाइन १८१, तातडीची मदत ११२. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. तुमची ही नोंद त्यांना दाखवता येते. पुराव्यासाठी जिवाचा धोका पत्करू नका. वही मागे राहिली तरी चालेल, तुम्ही बाहेर पडा.

१४. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. हल्ली गप्प असते आणि सारखं काहीतरी लिहिते. वाचू का? काळजीपोटीच विचारते आहे.

काळजी खरी आहे, हे मला कळतं. तरी वाचू नका. ॲन फ्रँकने तेराव्या वर्षी आपल्या वहीतली दोन पानं खाकी कागद चिकटवून झाकली होती. २०१८ मध्ये संशोधकांनी मूळ कागदाला धक्का न लावता ती वाचली. निघालं काय, तर काही चावट विनोद आणि शरीरसंबंधांबद्दल त्या वयात पडतात ते प्रश्न. चौदाव्या वर्षी झाकलेल्या पानांत बहुतेक वेळा हेच असतं. ते वाचून तुम्हाला काही नवं कळणार नाही, आणि तिला मात्र कायमचं कळेल की घरात आपली जागा नाही. प्रश्न १ मधल्या माझ्या दोन वर्षांसारखी वही ती लिहू लागेल.

तिच्याजवळ बसा. "तू गप्प आहेस, मला काळजी वाटते, वही मी वाचणार नाही" ही तीनही वाक्यं एकत्र बोला.

एकच अपवाद मी मानते. ती जेवत नाही, झोपत नाही, हातावर जखमा दिसतात, मरणाचं बोलते, किंवा कोणी मोठं माणूस तिला त्रास देत असल्याची खूण दिसते. तेव्हाही पहिलं पाऊल सरळ विचारणं. "जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारल्याने तो विचार मनात घातला जात नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं, आणि मुलांसाठी १०९८ आहे. ती बोलतच नसेल आणि धोका समोर दिसत असेल, तर वाचा. पण त्याच दिवशी तिला सांगा की वाचलं, आणि का वाचलं.

१५. दुसऱ्यांची गुपितं माझ्या वहीत येतात. त्यांचं काय?

त्यांच्या गुपितांची राखण आता तुमच्याकडे आली आहे. नावं टाळा, टोपणनावं वापरा, पण घरात सगळ्यांना कळतील अशी नकोत. मैत्रिणीने शपथ घालून सांगितलेली गोष्ट मी स्वतः वहीत लिहीत नाही. त्या दिवशी मला काय वाटलं, तेवढं लिहिते.

१६. जुन्या वह्या नष्ट करायच्या आहेत. रद्दीत देऊ का?

रद्दीत कधीही देऊ नका. रद्दीवाल्याकडून वह्यांची पानं भेळवाल्याकडे, वडापावच्या गाडीवर, वाण्याच्या पुड्यांत जातात. भेळ खाऊन झाल्यावर पुडीचा कागद वाचणारी माणसं आपणच आहोत.

पूर्वी घरोघरी बंब होता, त्यात वही घातली की आंघोळीचं पाणी तापेपर्यंत काम व्हायचं. फ्लॅटमध्ये जाळायच्या फंदात पडू नका. आधी पानं फाडून बारीक तुकडे करा, बादलीत रात्रभर भिजत घाला, सकाळी कणकेसारखा लगदा मळा आणि मग टाका. आधी फाडायला सांगते, कारण शाईपेनाची शाई पाण्यात जाते, बॉलपेनची जात नाही.

फक्त काही पानं फाडणार असाल तर खालचं कोरं पानही काढा. बॉलपेन दाबून लिहिलेलं पुढच्या पानावर वळ उठवतं आणि पेन्सिल आडवी फिरवली की अक्षरं दिसतात.

१७. माझ्यानंतर वह्या कोणी वाचू नयेत. मृत्युपत्रात लिहू का?

लिहा, पण त्यावर विसंबू नका. मृत्युपत्र निघेपर्यंत तेरा दिवस उलटून गेलेले असतात आणि कपाटं त्याआधीच उघडलेली असतात. ज्याच्यावर भरवसा आहे अशा एका माणसाला आजच तोंडी सांगा, वह्या कुठे आहेत आणि त्यांचं काय करायचं. एक चिठ्ठी वह्यांच्या वरच ठेवा.

मृत्युपत्रावर तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. वह्या कोणाला देत असाल तर एक गोष्ट ध्यानात घ्या. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार अप्रकाशित हस्तलिखित मृत्युपत्राने दिलं की, वेगळं काही लिहिलेलं नसेल तर त्याचा कॉपीराइटही त्याच माणसाकडे जातो. छापू नये असं वाटत असेल तर तसं स्पष्ट लिहा.

डिजिटल डायरी गूगलवर असेल तर "इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर" मध्ये जाऊन ठरवता येतं की तीन ते अठरा महिने खातं वापरलं गेलं नाही तर ते पुसायचं की कोणाला द्यायचं.

१८. बाबा गेले. त्यांच्या कपाटात अकरा वह्या सापडल्या. काहीच सांगून ठेवलेलं नाही. वाचू का?

आधी चिठ्ठी शोधा. पहिल्या वहीचं पहिलं पान आणि शेवटच्या वहीचं शेवटचं पान, एवढंच बघा. लोक सूचना तिथे लिहितात. "वाचू नये" असं असेल तर पाळा.

काही नसेल तर वह्या एका जुन्या धोतरात किंवा चादरीत बांधा आणि वर्षश्राद्धापर्यंत ठेवून द्या. पहिल्या महिन्यात वाचलेलं पेलत नाही. त्या महिन्यात माणूस प्रत्येक ओळीत स्वतःचं नाव शोधत असतो. आई हयात असेल तर निर्णय तिचा, मुलांचा नव्हे. त्या पानांत आई कशी आली आहे हे तिच्या आधी तुम्हाला कळायला नको.

वाचायचं ठरलं तर भावंडांनी एकत्र बसून वाचा, किंवा एकाने वाचून बाकीच्यांनी त्याच्यावर सोपवावं. फोटो काढून ग्रुपवर टाकू नका, अगदी चांगलं पान असलं तरी. एका ताईंनी असंच वर्षभराने वडिलांची वही उघडली, एक पान वाचलं आणि परत बांधून ठेवली. त्या पानावर त्यांच्या लग्नाच्या खर्चाचा हिशोब होता, आणि खाली शाईने लिहिलेलं, "पोरीला कळू देऊ नये." उरलेल्या वह्या अजून त्या चादरीतच आहेत.